उत्तर फ्रान्समधले नळ

आमच्या ट्रॉयमध्ये रस्त्याकडेला पाणी प्यायचा नळ कुठे आहे, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. अडतीस वर्षं राहतेय इथे मिशिगनमध्ये, पण गाडीत बसलेल्या माणसाला नळ लागतो कशाला. उत्तर फ्रान्समधले मात्र खुशाल विचारा. कॅले बंदराकडून आत शेतांत वळलात की सातव्या किलोमीटरवर, गाव संपता संपता, डाव्या हाताला. त्याची तोटी दाबून धरावी लागते, सोडली की पाणी बंद. त्यापुढचा चढ संपल्यावर आहे, तिथे सावली चांगली. तिसऱ्याला धार बारीक आहे, घाईत असाल तर सोडून द्या.

एवढं ज्ञान कुठून आलं ते सांगते. त्यासाठी आधी आमच्या पुरुषमंडळींचं सायकल मंडळ सांगावं लागेल.

सहाजण. सगळे निवृत्त, सगळे मोटारींच्या धंद्यातले. आमच्या ह्यांनी तीस वर्षं दाराच्या रबरात काढली, म्हणजे दार लावल्यावर आत वारा येऊ नये ते रबर. नागपूरवाले भाऊजी सीटमध्ये होते. मंडळाचे अध्यक्ष ब्रेकमध्ये, आणि त्यांचा स्वभावही त्याच खात्यातला. बाकीचे तिघे कशात होते ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण मीटिंगा भरपूर असायच्या. तर ज्या माणसांनी आयुष्यभर मोटारी बनवल्या, त्यांना निवृत्त झाल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता मोटारीतून उतरा. उतरले. कार्बनच्या सायकली आल्या, ज्या एका बोटावर उचलता येतात, आणि तसे कपडे आले, ज्यांचं वर्णन मी इथे करणार नाही. दर शनिवारी बारा मैल सायकल आणि मग दोन तास कॉफी, असा व्यायाम सुरू झाला.

तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी कुठलातरी व्हिडिओ पाहिला आणि जाहीर केलं की मंडळ उत्तर फ्रान्सला जाणार. पाच दिवस, खेड्यापाड्यांतून. उत्तरच का, तर दक्षिणेला डोंगर आहेत आणि आमच्या मंडळात मिळून चार स्टेंट आहेत. उत्तरेला सपाट. बिटाची शेतं, कालवे, विटांची घरं. शिवाय शर्यतवाले जातात तो दगड रोवलेला जुना रस्ता तिथेच आहे, त्यावरून दोन मैल तरी जायचंच, असं अध्यक्षांचं म्हणणं. स्पीडब्रेकर आला की दोन दिवस पाठ धरते असं हे वय, आणि ह्यांना दगड हवे.

"आणि आम्ही?" मी विचारलं. आमच्याच घरी जमले होते सगळे, मी पोहे केले होते.

"वहिनी, तुम्हा सगळ्यांसाठी व्हॅन," अध्यक्ष म्हणाले. "एसी. सामान, राइस कुकर, सगळं तुमच्याबरोबर. आम्ही येईपर्यंत पुढच्या मुक्कामी जाऊन आरामात बसायचं."

राइस कुकर आणि आराम एका वाक्यात बसवणारा माणूस विरळा. बाकीच्या बायका खूश होत्या, ते मी कबूल करते. मला मात्र व्हॅनमध्ये बसायचं नव्हतं. मला सायकल चालवायची होती.

आता ह्यात हसण्यासारखं काही नाही, पण सगळे हसले. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या शाळेत मी लग्नाआधी चार वर्षं शिकवायला जात असे, जाऊन येऊन अठरा किलोमीटर, भावाच्या दांडीच्या सायकलवर, साडी नेसून, उसाच्या ट्रकांना बाजू देत. त्या वाटेवर मी कधी पडले नाही. एकदा एक ट्रकच पडला. पुढे लग्न झालं, अमेरिका आली, आणि सायकल थांबली ती साठी उलटेपर्यंत. मग एका गराज सेलमध्ये मला एक निळी सायकल दिसली, पुढे बास्केट, सात गिअर. ती आणली. शनिवारी हे मंडळात गेले की मी आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या कॉलनीत, फेऱ्या मारायची. बघायला कुणी नसतं. अमेरिकेत रस्त्यावर माणूस नसतो हा मला आयुष्यात झालेला सर्वांत मोठा फायदा.

तर हसून झाल्यावर माझा मुद्दा मागे पडला, कारण रूटवरून भांडण लागलं. सहा इंजिनिअर, सहा रूट. प्रत्येकाची वेगळी शीट, प्रत्येकात चढाची टक्केवारी, वाऱ्याची दिशा, एक कॉलम "रिस्क". ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. एकाचा रूट दुसरा पास करेना. मी प्रत्येक मीटिंगला चहा दिला आणि शीटा वाचल्या. एकाही शीटमध्ये सोमवारी बेकऱ्या बंद असतात हे नव्हतं. बारा ते दोन अख्खं गाव दार लावून जेवायला बसतं हे नव्हतं. आणि पाणी कुठे मिळेल हे तर नव्हतंच.

डिसेंबरमध्ये मी म्हटलं, "मी करते रूट."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. दमले होते. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "करा की. बघू."

"पण मग मी सायकलवर येणार."

"बघू म्हटलं ना वहिनी. मे महिन्यात आपण इथे एक चाचणी घेऊ, पस्तीस मैलांची. ती पूर्ण केलीत तर या. नाहीतर व्हॅन आहेच."

झालं. सगळा हिवाळा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फ्रान्समध्ये होते. तुम्हाला ठाऊक असेल, कॉम्प्युटरवर नकाशात असं करता येतं की आपण रस्त्यावर उभं राहून चारी बाजूंना बघतोय. मी कुठलीही शाळा शिकून हे केलं नाही. मुलीने एकदा दाखवलं, मग माझी मी. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी जूनच्या उन्हात बिटाच्या शेतातून एकेक क्लिक करत चाललेय. आमच्याकडे ऊस, त्यांच्याकडे बीट. शेवटी दोन्हीची साखरच, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. सेंत-ओमेर नावाच्या गावाबाहेर दलदलीत फ्लॉवरची शेती आहे, होडीतून भाजी आणतात. पुढे एका गल्लीत निळ्या अ‍ॅप्रनमधली एक बाई दारात सतरंजी झटकत उभी होती. तीन क्लिकपर्यंत ती दिसायची, मग घर मागे पडायचं. मी रोज कामाला बसले की आधी तिच्यावरून जायची. एवढ्या महिन्यांत तिची सतरंजी काही झटकून झाली नाही.

ह्यांचं म्हणणं, "अगं, भाजी लागतेय." लागू दे. मी सोम नदीच्या काठाला होते.

दगडांचा रस्ता मी पहिल्याच दिवशी काढून टाकला आणि शीटवर "रस्ता बंद" असं लिहिलं. तेवढं चालतं. बारा ते दोनच्या बंदचंही लिहिलं. ते वाचून अध्यक्षांना फार बरं वाटल्याचं कळलं. ते पुण्याचे.

पाण्याचं मात्र काही जमेना. मग मुलीला फोन केला. ती जनावरांची डॉक्टर आहे, अ‍ॅन आर्बरला असते, आणि कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर तिकडे सायकलवर फिरून आली होती. ती म्हणाली, "आई, सिमेट्री. एव्हरी व्हिलेज हॅज वन, अँड इट ऑल्वेज हॅज अ टॅप. एव्हरीबडी डज इट."

"कब्रस्तानातलं पाणी पिता?"

"फुलांना घालायला नळ असतो, आई. सेम वॉटर. इट्स द टाउन सप्लाय."

मी शोधलं, आणि पोरीचं खरं निघालं. प्रत्येक गावाला गावाबाहेर एक भिंत, दोन उंच झाडं, लोखंडी फाटक, आणि फाटकातून आत बघितलं की पहिल्यांदा दिसतो तो नळ, शेजारी झाऱ्या टांगलेल्या. जिथे पाणी पिऊ नका अशी पाटी दिसली ते सोडले. उरले एकतीस. शीटवर मी एकतीस निळे थेंब काढले आणि कॉलमला नाव दिलं "पाणी". पुढे काही लिहिलं नाही.

का नाही लिहिलं, हे तुम्हाला सांगायला नको. ही माणसं कुणाच्या अंत्यदर्शनाला फ्यूनरल होममध्ये गेली तरी घरी येऊन गराजच्या दारातूनच थेट बाथरूममध्ये जातात. कपडे मशीनमध्ये, डोक्यावरून पाणी, मग चहा. अगदी मॅनेजर झालेली, एमएस केलेली. आणि मी तरी काय वेगळी? मे महिन्यातल्या चाचणीचा रूटही माझ्याकडेच दिला होता. आमच्या उत्तरेला शेतांत एक जुनी सिमेट्री आहे, लायलॅकची झाडं आणि हिरव्या रंगाचा हातपंप. टाउनशिपच्या ऑफिसात फोन करून विचारलं, पाणी प्यायला चालतं का. तिथली बाई म्हणाली, मी लहानपणापासून पितेय, हनी. मग मुलीबरोबर गाडीने जाऊन बघून आले, ओंजळभर प्यायलेही. गार, गोड, जराशी लोखंडाची चव. आणि घरी येऊन स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधी अंघोळ केली. मुलीने विचारलं, "आई, व्हाय?" मी म्हटलं, उकडतंय. बाहेर बर्फ वितळत होता.

चाचणीचा दिवस. मे महिन्यात मिशिगनमध्ये एखाद दिवस असा येतो की वाटतं आपण चुकून सांगलीला आलो. तसा तो होता. वर वारा समोरून. सहा कार्बनच्या सायकली आणि मागे माझी बास्केटवाली. बास्केटमध्ये दोन बाटल्या, एक प्लास्टिकची, एक स्टीलची, झाकणाला दोरी बांधलेली. मंडळाची पद्धत अशी की जोरात पुढे जायचं आणि मग थांबून फोटो काढायचे. मी हळूहळू जायची आणि फोटो संपायच्या सुमारास पोचायची. त्यामुळे आम्ही सगळे एकाच वेगाने चाललो होतो, फक्त ते दमत होते.

विसाव्या मैलाला सगळ्यांचं पाणी संपलं, माझंसुद्धा. त्या पट्ट्यात गॅस स्टेशन नाही, घरं आत, लांब. नाहीतरी ह्या देशात कुणाच्या अंगणात शिरून पाणी मागायची हिंमत कोण करतो. अध्यक्ष थांबले. "वहिनी, कुठाय तुमचा निळा थेंब?"

"पुढच्या वळणावर."

मी त्यांना मागच्या बाजूने नेलं. लायलॅक फुललेलं होतं, दाट. त्याच्यामधून एक पायवाट, एक लाकडी शेड आणि तो हिरवा पंप. दुसरं काही दिसत नाही. ह्यांनी दांडा मारला, पाणी आलं, आणि पुढची दहा मिनिटं सगळे नुसते पीत होते. नागपूरवाले भाऊजी तर पंपाखाली डोकं घालूनच बसले.

"काय पाणी आहे यार," ते म्हणाले. "ह्याला म्हणतात पाणी."

"विहिरीचं असणार," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी ढेकर दिला, बाटली भरली, आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, मान गये. फ्रान्समध्येही असेच सोर्सेस असतील तर प्रश्नच मिटला. मी तर म्हणतो हे घरी न्यायला पाहिजे."

मला वाटलं, झालं आपलं काम. आणि तेवढ्यात नागपूरवाले भाऊजी, पाणी जरा जास्तच प्यायल्यामुळे, शेडच्या मागे गेले. गेले तसे परत आले, फार हळू चालत.

"वहिनी," ते म्हणाले, "मागे बरीच मंडळी आहेत."

"कोण मंडळी?" ह्यांनी विचारलं.

"झोपलेली आहेत."

अध्यक्ष शेडपर्यंत गेले. मागे काय आहे ते बघून परत आले. मला म्हणाले, "वहिनी, हे स्मशान आहे?"

"आवार आहे," मी म्हटलं. "पंप आवारातला आहे."

"फ्रान्समध्ये असे थेंब किती आहेत?"

"एकतीस."

"आणि ते सगळे?"

"गावाबाहेर, सावलीत, भिंतीला लागून."

"वहिनी."

"हो. सगळे."

मग त्यांनी आपली बाटली उघडली आणि भरलेलं पाणी लायलॅकच्या बुंध्यात ओतलं. सावकाश, धार धरून, जसं एखाद्याने सूर्याला द्यावं. उरलेल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांनीही ओतलं. नागपूरवाले म्हणाले, "बाटलीतलं ओततो बाप्पा, पण पोटातलं कुठे ओतू?" राहिले हे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे बघितलं, आणि अर्धी बाटली ओतली. अर्धी. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझी बाजू घेतली नाही असं मी कधीच म्हणणार नाही. अर्धी नेहमी घेतली.

"हा रूट बाद," अध्यक्ष म्हणाले.

"आणि रूट करणारी?"

"ते घरी जाऊन ठरवू. व्हॅनमध्ये जागा आहेच."

ते पुढे निघाले. मी पंपाशी राहिले. आधी प्लास्टिकची बाटली भरली, मग स्टीलची. हे थोडं मागे थांबले होते, त्यांनी दोन्ही भरताना बघितलं. मग पुढे बघून सायकलवर बसले.

चौदा मैल उरले होते. अंघोळ करायची घाई सगळ्यांना, त्यामुळे वेग वाढला, आणि वारा होताच. तिसाव्या मैलाच्या पुढे मला एकेक जण दिसू लागला. एकजण सायकल हातात धरून चालत होता. नागपूरवाले एका झाडाखाली बसून गात होते. मी प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी दिलं, ते त्यांनी काही न विचारता घेतलं आणि पुढच्याला दिलं. अध्यक्ष सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत आधी संपलेले. एका शेताच्या मेलबॉक्सला टेकून ते रस्त्यावर बसले होते, एक पाय लांब करून. पोटरीत गोळा आला होता. चेहरा अगदी पांढरा. चारपैकी दोन स्टेंट अध्यक्षांचे, हे मला आठवलं.

मी सायकल आडवी टाकली. स्टीलची बाटली पुढे केली.

त्यांनी हात पुढे केला आणि थांबवला. ओठ सुकून पांढरे झालेले, पण विचारलंच. "हे घरचं ना?"

आता बघा. खरं सांगितलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं. मी ह्या माणसाला तीस वर्षं ओळखते. त्यांच्या आईचे दिवस त्यांनी इथे, अपार्टमेंटमध्ये, बायको बाळंत झालेली असताना, एकही गोष्ट न गाळता केले होते. ते थट्टा करण्यासारखं नाही. आणि खोटं बोलले असते तर ते माझं सायकलवर जाण्यासाठीचं खोटं झालं असतं, निदान मला तरी तसंच वाटलं असतं. त्या मेलबॉक्सपाशी ह्या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात होत्या, आणि वर ऊन.

"घरचंच," मी म्हटलं. "स्टीलची आहे ना."

बाटली घरची होती, हे तर खरंच.

ते सगळं प्यायले. एक घोट घेतल्यावर मध्ये एकदा थांबले, बाटलीकडे बघितलं, आणि मग पुन्हा तोंडाला लावली. थेंब ठेवला नाही. दहा मिनिटांनी उठले. शेवटचे चार मैल आम्ही दोघं बरोबरीने आलो, आणि पार्किंगमध्ये मी दुसरी आले. सहावे आणि सातवे चालत आले. त्यात एक आमचे हे.

बुधवारी मीटिंग, आमच्याच घरी. मी साबुदाण्याची खिचडी केली, कारण शेवटचं चहापाणी करायचं तर नीट करावं असं ठरवलं होतं. मनातून मी व्हॅनमध्ये जाऊन बसले होते. मुलीला फोनवर सांगूनही टाकलं होतं की मला नाहीतरी गुडघा त्रास देतोय. ती म्हणाली, "यू आर लाइंग, आई." मी म्हटलं, सध्या तेवढंच करतेय.

अध्यक्ष शीट छापून घेऊन आले. सगळ्यांना एकेक प्रत.

"रूट तोच ठेवलाय," ते म्हणाले. "सगळ्यांच्या तब्येतीला झेपेल असा दुसरा कुणाकडे नाही. पण पाण्याचा कॉलम मी काढून टाकलाय. पाणी व्हॅनमधून येईल."

मी माझी प्रत बघितली. पाण्याचा कॉलम नव्हता खरा. त्याच जागी, तेवढ्याच रुंदीचा एक कॉलम होता, त्याला नाव होतं "थांबा, पाच मिनिटं". आणि त्याच्याखाली माझे एकतीसच्या एकतीस निळे थेंब जिथल्या तिथे.

"हे थांबे कशासाठी?" तिघांपैकी एकाने विचारलं.

"सावली आहे," अध्यक्ष म्हणाले. "वहिनींनीच सांगितलं. सावलीत थांबायला कुणाची हरकत आहे?"

कुणाची नव्हती.

"आणि वहिनी सायकलवर येतील. चाचणी त्यांनी पूर्ण केली. शिवाय आपल्यातल्या कुणाला सुचलं नाही, ते त्यांनी केलं. घरचं पाणी पुरवून वापरलं." एवढं म्हणून त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "काय हो?"

ह्यांनी खिचडीतला शेंगदाणा फार काळजीपूर्वक चमच्यावर घेतला. "ती पहिल्यापासूनच पुरवून वापरते," ते म्हणाले.

पूर्ण बाजू घेतली, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहून ठेवायला हवं होतं.

जूनमध्ये गेलो. तिथे मी भाड्याची सायकल घेतली, पण बास्केटवाली मागून घेतली. पहिल्या दिवशी साडेअकराला पहिला थांबा. व्हॅन पाणी घेऊन येणार होती. अध्यक्षांच्या बायको चालवत होत्या, आणि त्या एका गावात बेकरी बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी निघून गेल्या होत्या, जे मी त्यांच्या जागी असते तर मीही केलं असतं. भिंत, दोन झाडं, फाटक. सगळे उतरले. दोन मिनिटं शेताकडे बघत उभे राहिले. मग अध्यक्ष म्हणाले, "बांधकाम जुनं दिसतंय, बघून येतो," आणि बाटली घेऊन आत गेले. त्यांच्यामागे बाकीचे, एकेकजण, बांधकाम बघायला. नागपूरवाल्यांनी आत शिरताना हात जोडले आणि हळूच म्हटलं, "नमस्कार मंडळी." पाच दिवसांत आम्ही एवढं बांधकाम बघितलं की कुणी विचारलं तर उत्तर फ्रान्समधल्या भिंतींवर मी व्याख्यान देऊ शकेन.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की मात्र कुणी कशाला हात लावत नसे. आधी अंघोळी. एक बाथरूम, सातजण, बाहेर रांग. आत कुकरमधला भात गार होई. अध्यक्षांच्या बायको म्हणाल्या, "ह्या गार देशात ह्यांना रोज एवढं काय चिकटतं?" मी म्हटलं, धूळ. मी स्वतः रांगेत दुसरी होते.

निळ्या अ‍ॅप्रनवालीचं घर मला सापडलं. खिडक्या लावलेल्या होत्या आणि दारावर विक्रीची पाटी होती. मी तिथे थांबले नाही, शीटवर थांबा नव्हता.

चौथ्या दिवशी माझी चूक झाली. सोमच्या खोऱ्यातून वर चढायचं होतं, ऊन होतं, आणि चढाच्या पायथ्याचा थेंब कोरडा निघाला. भिंत होती, झाडं होती, पण नळ काढून टाकलेला. मी टेबलावर बसून पाहिलेला फोटो कितीतरी जुना असणार. आमचे हे सोडले तर बाकीच्यांकडे मागच्या थांब्याचं उरलेलं होतं, ते पुढे गेले. माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या. मी सायकलवरून उतरून, ती ढकलत तो चढ चढले, मध्ये तीनदा थांबले. हे दोन वेळा मागे वळून आले आणि मी दोन्ही वेळा त्यांना पुढे जा म्हटलं, कारण त्यांच्याकडेही पाणी नव्हतं आणि कोरडी सोबत मला नको होती.

वर बिटाच्या शेताच्या कडेला अध्यक्ष उभे होते, सायकलला टेकून, एकटे. माझी वाट बघत होते हे दिसत होतं, पण ते घड्याळाकडे बघत होते. मी पोचले. त्यांनी बाटली पुढे केली. झाकण आधीच उघडलेलं.

मी हात पुढे केला, आणि खरं सांगते, थांबले. काय विचारणार होते ते मलाही ठाऊक नाही.

"घ्या," ते म्हणाले. "घरचं आहे."

चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ब्रेकवाला माणूस. घरापासून चार हजार मैल लांब, चौथा दिवस, आणि घरचं. मी प्यायले. गार होतं, औषधाचा थोडा वास येत होता, त्यावरून ते कालच्या शेवटच्या नळाचं की आजच्या पहिल्या, हे मी ओळखू शकले असते. विचारलं नाही. त्या मेलबॉक्सपाशी त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

मी बाटली रिकामी करून परत दिली. त्यांनी उलटी करून बघितली, झाकण लावलं, आणि म्हणाले, "पाच मिनिटं झाली, वहिनी. निघू या."

पुढे लांबलचक उतार होता, दोन्ही बाजूंना बीट, खाली नदी. ते ब्रेक दाबत दाबत येत होते. मी दाबला नाही.